क्वालालंपूरचा मुक्काम: सुरिया केएलसीसी की नू सेंट्रल?

क्वालालंपूरला तीन-चार दिवस जायचं ठरलं की हॉटेल शोधताना बोट आपोआप पेट्रोनासच्या ट्विन टॉवरपाशी जातं. मनोऱ्यांच्या पायथ्याशी सुरिया केएलसीसी हा भलाथोरला मॉल (सुरिया म्हणजे आपला सूर्यच), मागे बाग, आणि खिडकीतून मनोरे दिसणार म्हणून खोलीचं भाडंही तसंच. दुसरीकडे केएल सेंट्रल स्टेशनला चिकटलेला नू सेंट्रल मॉल. तिथं फोटो काढण्यासारखं काहीच नाही. दादरला उतरून स्टेशनसमोरच लॉज घेतल्यासारखं वाटतं. तरी मी तेच घ्या म्हणेन. एक अपवाद आहे, तो पुढे सांगतो.

मॉलच्या आधाराने शहर बघणं या शहरात मुळीच वेडेपणाचं नाही. विषुववृत्त जवळ. दुपारी घामाच्या धारा, आणि त्या थांबतात न थांबतात तोच गडगडाटासह पाऊस. अशा वेळी गारवा, स्वच्छ टॉयलेट, टेकायला जागा आणि जेवण एका छपराखाली हवं असतं. पण ही दुपारची सोय दोन्हीकडे सारखीच आहे. फरक पडतो तो सकाळी, आणि पोटाच्या बाबतीत.

मॉल उघडतात दहाला. प्रवासी बाहेर पडतो सातला, निदान पडायला हवा, कारण बाटू केव्हजच्या, म्हणजे डोंगरातल्या गुहांमधल्या मुरुगनच्या देवळाच्या, 272 पायऱ्या उन्हं चढायच्या आत चढाव्यात. केएल सेंट्रलहून केटीएम कोम्युटर ही उपनगरी गाडी थेट गुहांच्या पायथ्याशी नेते, साधारण अर्ध्या तासात. केएलसीसीला राहिलात तर आधी एलआरटीने (इथली मेट्रो) पाच स्टेशनं उलट सेंट्रललाच यायचं आणि तिथून ही गाडी धरायची. ती आपल्या लोकलसारखी लागोपाठ येत नाही. एक चुकली की सकाळचा थंडावा गेलाच. घरात गुडघे दुखणारं कुणी असेल तर त्यांना वर चढायचा आग्रह नको. स्टेशनजवळच मारुतीची सुमारे 15 मीटर उंच मूर्ती आणि रामायण गुहा आहे. तिथं तिकीट लागतं, पण ती वरच्या देवळाची चढण नाही.

बाकीच्या दिशाही सेंट्रलहूनच फुटतात. गेंटिंग या थंड हवेच्या ठिकाणाच्या बस इथून सुटतात. पुत्राजया या सरकारी कचेऱ्यांच्या शहराला जायला विमानतळाच्याच रुळांवरची थांबत जाणारी गाडी. राष्ट्रीय संग्रहालय पायी. एलआरटीचं पुढचं स्टेशन पसार सेनी, म्हणजे 1888 साली भाजी-मासळीचा बाजार म्हणून सुरू झालेलं आणि आता हस्तकलेच्या दुकानांनी भरलेलं सेंट्रल मार्केट. त्याच्या पुढचं मस्जिद जामेक. क्लांग आणि गोंबाक या नद्या तिथं मिळतात. क्वालालंपूर या नावाचा अर्थच चिखलाचा संगम. आणि ज्या मनोऱ्यांसाठी तिकडे जास्त भाडं मोजायचं, ते इथून पाच स्टेशनांवर! संध्याकाळी जा, दिवे लागलेले बघा, जेवून परत या. वर चढायचं असेल तर मात्र सोमवार टाळा, तेव्हा मनोरे पर्यटकांना बंद असतात.

आता जेवण. शाकाहारी माणसासाठी निवड इथेच संपते. नू सेंट्रलमधून रस्त्यावर आलात की ब्रिकफील्ड्स, इथलं लिटल इंडिया. तमिळ वस्ती, गजऱ्यांची दुकानं, केळीच्या पानावरचा भात, आणि मॉलचं शटर वर जायच्या कितीतरी आधी इडली, डोसा (इथं 'तोसै'), फिल्टर कॉफी. सुरियाच्या फूड कोर्टमध्येही उपाशी राहायची वेळ येणार नाही, पण विचारून खावं लागतं. 'भाजीच आहे' असं सांगितलेल्या डिशच्या वाटणातही बेलाचान असू शकतं. ते कोलिमासारख्या बारीक कोळंबीचं आंबवून केलेलं असतं. मला जवळ्याचं वावडं नाही, उलट ती चव घरची वाटली. पण शेजारी श्रावण पाळणारी काकू बसली असेल तर घास घशात अडकतो.

आता अपवाद: बरोबर दहा वर्षांखालची मुलं असतील तर मुकाट सुरियाजवळ राहा. मागची बाग ब्राझीलचे उद्यानरचनाकार रोबेर्तो बुर्ले मार्क्स यांनी आखलेली. तिच्यात मोठं क्रीडांगण आणि डुंबायला उथळ तळं. मॉलच्या आतच पेट्रोसेन्स हे विज्ञान केंद्र. कन्व्हेन्शन सेंटरखालच्या अॅक्वेरियाला भुयारी वाटेने जाता येतं, म्हणजे पाऊस आला तरी रडारड नाही. रात्री कारंज्यांचा खेळ बघून पेंगुळलेलं पोर खांद्यावर टाकून पाच मिनिटांत खोलीवर पोचणं, याची किंमत आईबापांनाच कळते.

बुकित बिंतांग भागातल्या पॅव्हिलियन मॉलचं नाव कुणीतरी सुचवेलच. खरेदी आणि जालान आलोरची रात्रीची खाऊगल्ली हाच हेतू असेल तर उत्तम. झोप प्यारी असेल तर नको. केएलसीसीहून तिकडे जायला सुमारे 1.2 किलोमीटरचा वातानुकूलित पादचारी पूल आहे, तेव्हा मुक्काम न हलवताही ती हौस भागते.

सेंट्रलच्या दोन खोडी सांगायलाच हव्यात. विमानतळाची एक्स्प्रेस पहिल्या टर्मिनलहून 28 मिनिटांत आणते हे खरं, पण ती रात्रभर धावत नाही. मध्यरात्रीनंतर उतरणार असाल तर पहिल्या रात्री ग्रॅब या अ‍ॅपवरचीच टॅक्सी, आणि मग कुठलंही हॉटेल सारखंच. दुसरी खोडी जास्त फसवी. 'केएल सेंट्रलजवळ' लिहिणारी हॉटेलं स्टेशनच्या दोन्ही अंगांना आहेत, आणि स्टेशनचा पसारा अवाढव्य आहे. बुकिंग करण्याआधी नकाशावर एवढंच बघा: हॉटेल तुन संबंतन रस्त्याच्या, म्हणजे ब्रिकफील्ड्सच्या बाजूला आहे का? शेवटच्या दिवशी खोली सोडून बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकल्या की त्याच रस्त्यावर शेवटची कॉफी पिऊन गाडीत बसता येतं.