टू-बे नास, वर्षभराच्या वापरानंतर: डब्याआधी डिस्कचा मॉडेल नंबर बघा

गेल्या महिन्यात नासमधली (नास म्हणजे घरच्या नेटवर्कवर सगळ्यांच्या फाइल ठेवणारा डबा; माझ्यात दोन डिस्क बसतात) एक डिस्क गेली. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्या, यादीत १९७ नंबरची ओळ, म्हणजे पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे तुकडे), शून्यावरून आठवर गेली आणि मग चढतच राहिली. वॉरंटी होती, डिस्क बदलूनही आली. पण आली ती एसएमआर! गेलेली सीएमआर होती. ही डिस्कवर डेटा लिहिण्याच्या दोन पद्धतींची नावं; सीएमआरमध्ये ट्रॅक, म्हणजे लिहिण्याच्या रेघा, सुट्या असतात. यावरच मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण खरेदी करताना लोक प्रोसेसर आणि रॅमवर तासन् तास घालवतात आणि हे कुणी विचारतच नाही.

एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळही उचलावी लागते. सलग लिहिताना हे जाणवत नाही. माझा मिररही (दोन्ही डिस्कवर तोच डेटा ठेवण्याची रचना) सुरुवातीला झकास वेगाने रिबिल्ड होत होता, म्हणजे नव्या डिस्कवर सगळं पुन्हा उतरत होतं. मग फोनचे बॅकअप सुरू झाले, थंबनेल बनू लागले आणि वेग सेकंदाला १० एमबीच्या खाली आला. एरवी ४ टीबीची सीएमआर डिस्क सात-आठ तासांत भरते. इथे शिल्लक वेळ दिवसांत दाखवत होता, आणि तेवढा वेळ सगळा डेटा एकाच डिस्कच्या भरवशावर! बॅकअप थांबवल्यावर वेग सुधारला, पण बॅकअपसाठी घेतलेल्या मशीनचे बॅकअपच थांबवायचे, हे मला मान्य नाही.

सर्व्हिसवाल्यांचं एकच पालुपद: "४ टीबीच्या बदल्यात ४ टीबी दिली आहे." एसएसएचने, म्हणजे कमांड टाइप करून, नासच्या आत जाऊन बघितलं तर हार्ड डिस्क असून ट्रिम सपोर्ट (पुसलेली जागा डिस्कला कळवण्याची, एरवी एसएसडीत असणारी सोय) दाखवत होती. असं दिसलं की ती बहुधा एसएमआरच असते. मग दोन्ही मॉडेलच्या डेटाशीटमधली (कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकातली) रेकॉर्डिंग टेक्नॉलॉजीची ओळ मेलमध्ये टाकली, तेव्हा कुठे बदलून मिळाली. हा घोळ नवा नाही. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं होतं, आणि पुढे सीएमआरसाठी 'रेड प्लस' असं वेगळं नाव आलं. माझी डिस्क त्या मालिकेतली नव्हती. पण खोक्यावर हे ठळक लिहायला कंपन्यांचं काय जातं?

आता डब्याबद्दल, म्हणजे नासबद्दल. एआरएम प्रोसेसर (फोनमध्ये असतो तसला), १ जीबी रॅम. सुरुवातीला माझं ठाम मत होतं की सिनेमांसाठी इंटेलच हवा. आता तसं वाटत नाही. टीव्ही स्वतः एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करण्याची एक पद्धत) चालवत असेल तर डायरेक्ट प्लेला, म्हणजे फाइल आहे तशी चालवताना, नास फक्त फाइल पुरवतो. अडतं ते चित्ररूपी पीजीएस सबटायटलपाशी. प्लेअरला ती जमली नाहीत तर ती व्हिडिओच्या चित्रातच मिसळून ट्रान्सकोड करावं लागतं, म्हणजे व्हिडिओ नव्याने बनवावा लागतो, आणि हा प्रोसेसर बसकण मारतो. साध्या मजकुराची एसआरटी सबटायटलं वापरा, प्रश्न मिटला. रॅम मात्र खरंच कमी आहे. फोटोंचं इंडेक्सिंग चालू असताना बाकी काही करू नये.

जुना पीसी का नाही वापरला? वीज. चोवीस तास ३० वॅट जास्त म्हणजे वर्षाला साधारण २६० युनिट. फुकट मिळालेला पीसी असा महाग पडतो.

सगळ्यात सुखद धक्का स्नॅपशॉटचा, म्हणजे फाइल एखाद्या क्षणी जशा होत्या तशा परत मिळवून देणाऱ्या नोंदीचा. घरात कुणीतरी फोटोंचा अख्खा फोल्डर उडवला. मिररने इमानेइतबारे दोन्ही डिस्कवरून उडवला, कारण त्याचं काम तेच. बीटीआरएफएसच्या (डिस्कवर फाइल मांडून ठेवणारी फाइल सिस्टिम) आदल्या रात्रीच्या स्नॅपशॉटमधून काही मिनिटांत सगळं परत आलं. स्वस्तातला नास घेताना स्नॅपशॉट आहेत का, हे नक्की विचारा. नसतील तर तो घेऊ नका. तरीही एक यूएसबी डिस्क महिन्यातून एकदा भरून दुसऱ्या घरी ठेवतोच.

नवी सीएमआर रात्रीत रिबिल्ड झाली, बॅकअप चालू असताना. राहिलेली जुनी डिस्क गेलेलीच्याच बॅचची आहे, म्हणून तिच्यावर दर आठवड्याला एक्स्टेंडेड स्मार्ट टेस्ट (अख्खी डिस्क तपासणारी चाचणी) लावून ठेवली आहे.