मिक्सर, टेबलटॉप रगडा, फूड प्रोसेसर आणि दोरीचा चॉपर : कोणत्या स्वयंपाकघराला काय हवे?

वाटण्या-चिरण्याचे यंत्र घ्यायला दुकानात गेल्यावर विक्रेता आधी दोन गोष्टी दाखवतो, मोटारीचे वॅट आणि बाहेरचे रंगरूप. निर्णयासाठी या दोन्हींचा उपयोग मर्यादित आहे. आपल्या घरात आठवड्याला नेमके काय आणि किती वाटले जाते, आणि त्यानंतर भांडी घासायला कोणाला किती वेळ असतो, या दोन प्रश्नांची उत्तरे हाताशी असतील तर चार यंत्रांपैकी किमान दोन यंत्रे यादीतून आपोआप गळतात. मिक्सर-ग्राइंडर, टेबलावरचा विजेचा रगडा म्हणजे वेट ग्राइंडर, फूड प्रोसेसर आणि हाताने दोरी ओढून चालवायचा चॉपर या चौघांची तुलना मी याच दोन प्रश्नांच्या आधारे करत आहे.

मिक्सरपासून सुरुवात करावी लागते, कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत तो आधीपासूनच असतो आणि बाकीची खरेदी त्याच्या उणिवांवरून ठरते. परदेशी बनावटीचे यंत्र सूप किंवा मिल्कशेक सहज करते, पण सुके खोबरे, हळकुंड आणि भिजवलेली डाळ समोर आली की दमते. या अडचणीवर १९६३ साली मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी ‘सुमीत’ मिक्सर तयार केला आणि भारतीय वाटणासाठी भारतीय यंत्र ही कल्पना घरोघरी पोहोचली. आजही मिक्सरची मूळ रचना तीच आहे. आत कार्बन ब्रशवर चालणारी वेगवान मोटर असते, तिचे फेरे बिनभाराचे असताना मिनिटाला अठरा-वीस हजारांपर्यंत जातात, आणि पाते थेट त्या मोटरला जोडलेले असते. मिक्सरचा कर्कश आवाज याच वेगामुळे होतो, वाटण गरम होते तेही त्यामुळेच, आणि चटणी दोन मिनिटांत तयार होते याचे श्रेयही त्यालाच.

मालवणी पद्धतीचे भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण करताना मिक्सरचा कस लागतो. भांड्यात घटक कमी आणि पाणी नगण्य असेल तर काही सेकंदांत सगळा गोळा भिंतीला चिकटून बसतो, खाली पाते रिकामे फिरत राहते आणि आवाज एकदम बारीक, चिरका होतो. अशा वेळी वेग वाढवून काहीही साधत नाही. यंत्र बंद करून चमच्याने कड सोडवावी, चमचाभर पाणी घालावे आणि पुन्हा थांबत थांबत फिरवावे. म्हणूनच भांड्याचा आकार वॅटपेक्षा महत्त्वाचा ठरतो. चारशे मिलिलिटरच्या आसपासचे चटणीचे भांडे तळाला अरुंद आणि पात्याला लागून असेल, आणि भिंतीवर आतल्या बाजूने उभ्या कडा उमटवलेल्या असतील, तर वाटण फिरून फिरून पात्यावर पडत राहते. दुकानात झाकण काढून आत बोट फिरवून पाहावे. पात्याच्या टोकात आणि तळात मोठी फट असेल तर चार लसूणपाकळ्या आणि मूठभर कोथिंबीर त्या फटीत अस्पर्श राहणार, हे समजून घ्यावे.

वॅटविषयी थोडे स्पष्ट बोलायला हवे. चौघांच्या घराला ५०० ते ७५० वॅट पुरतात. त्यात नियमित सुके मसाले, भाजणीचे छोटे घाणे किंवा डोशाचे पीठ असेल तर ७५० वॅट घ्यावेत. १००० वॅटचे यंत्र साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालते, त्यात अडचण नाही, परंतु त्याचा फायदा मोठ्या आणि सतत वाटणाऱ्या घरालाच होतो. यंत्राच्या पाठीवरच्या पट्टीवर सलग किती वेळ चालवावे हे लिहिलेले असते, ते विकत घेण्यापूर्वी वाचावे. भार जास्त झाल्यावर यंत्र आपोआप बंद पडते, ते बिघाड म्हणून नव्हे तर मोटर वाचवण्यासाठी. तळाशी असलेले लाल बटण काही मिनिटांनी दाबले की ते पुन्हा सुरू होते. पट्टीवर आयएसआय चिन्ह आहे का, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

आता रगड्याकडे वळू. विजेवर चालणारा वेट ग्राइंडर हे कोइंबतूरचे देणे आहे. त्या परिसरातल्या कारखान्यांनी त्याला आजचे रूप दिले आणि ‘कोइंबतूर वेट ग्राइंडर’ला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तामिळनाडू सरकारने २०११ पासून रेशनकार्डधारक कुटुंबांना मिक्सर आणि पंख्याबरोबर वेट ग्राइंडर मोफत वाटला, यावरून तिथल्या स्वयंपाकात त्याचे स्थान काय आहे हे कळते. आपल्याकडे मात्र तो घ्यावा की नाही हा प्रश्न खरोखर विचार करण्याजोगा आहे.

रगड्यात दगडी तळ आणि त्यावर फिरणारे दगडी शंकू असतात, स्टीलचा ड्रम मिनिटाला शे-दीडशे फेऱ्यांच्या आसपास संथपणे फिरतो आणि डाळ कापली न जाता चिरडली व घुसळली जाते. उडदाच्या डाळीत प्रथिने आणि चिकट द्रव्य दोन्ही असतात. संथ घुसळण्यामुळे त्यांत हवा कोंडली जाते आणि पीठ फुगून हलके होते. वाटलेल्या डाळीचा एक थेंब वाटीभर पाण्यात टाकून पाहावा, तो तरंगला तर पीठ मेदूवड्याला तयार आहे. मिक्सरमध्येही हा थेंब तरंगवता येतो, पण त्यासाठी बर्फाचे पाणी, थोडे थोडे घाणे आणि मधूनमधून विश्रांती द्यावी लागते, आणि एवढे करूनही पीठ कोमट होतेच. पुण्या-नाशिकच्या थंडीत हा कोमटपणा पीठ आंबायला थोडी मदतच करतो, हे मिक्सरच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत मात्र तेच पीठ रात्रीतून आंबट होऊन वर येते.

विजेच्या बाबतीत रगडा फार खातो असा समज आहे, तो हिशेबात टिकत नाही. १५० वॅटचा रगडा अर्धा तास चालला तर ०.०७५ युनिट वीज लागते. ७५० वॅटचा मिक्सर पूर्ण भाराने पाच मिनिटे चालला तर ०.०६२५ युनिट लागते. फरक नगण्य आहे. खरा खर्च जागेचा आणि वजनाचा आहे. दोन लिटरचा टेबलटॉप रगडा दहा किलोच्या आसपास किंवा त्याहूनही जड भरतो, त्यामुळे तो कपाटात ठेवून दर वेळी बाहेर काढायचा असा विचार असेल तर तो महिन्याभरात कपाटातच राहील. ओट्यावर किंवा त्याच्या शेजारच्या मजबूत स्टुलावर कायमची जागा देता येत असेल तरच तो घ्यावा. दगड धुणे कठीण नाही, पण ते कोरडे करणे आवश्यक असते. ओले दगड झाकून ठेवल्यास दुसऱ्या दिवशी वास येतो. नवा रगडा आणल्यावर पहिले वाटण खाऊ नये, थोडे तांदूळ पाण्यासह फिरवून ते फेकून द्यावे, म्हणजे दगडाची भुकटी निघून जाते. आठवड्यातून एकदा तरी इडली, डोसा, आंबोळी किंवा वडे होत असतील आणि खाणारी तोंडे चारपेक्षा जास्त असतील, तर रगडा किमतीला न्याय देतो. महिन्यातून एकदाच डोसे होणाऱ्या घराने तो घेऊ नये. मूठभर खोबऱ्याची चटणी तर त्यात वाटलीच जात नाही, कारण दगडाला पुरेसा माल लागतो. रगडा घेतला तरी मिक्सर सुटत नाही, हे खरेदीच्या हिशेबात धरायला हवे.

फूड प्रोसेसरची जाहिरात सर्वांत मोहक असते. एकच यंत्र किसते, चकत्या करते, कणीक मळते, रस काढते. बंदिस्त भांड्यात इंग्रजी एस अक्षरासारखे वळणदार पाते आणि वर बदलता येणाऱ्या किसण्या-कापण्याच्या चकत्या, ही रचना फ्रान्समधल्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतून घरात आली आहे. त्या रचनेत बारीक, मऊ वाटण्याची सोय मुळातच नाही. रुंद भांड्यात थोडी डाळ घातली तर ती भरड राहते. म्हणून भारतीय बाजारातल्या बहुतेक फूड प्रोसेसरांबरोबर मिक्सरची भांडीही येतात, आणि दोन्ही कामे एकच मोटर करते. ती मोटर बिघडली की दोन्ही कामे एकदम थांबतात.

हे यंत्र खरोखर उपयोगी पडते ते दोन ठिकाणी. मनगट किंवा खांदा दुखत असताना रोज वीस-पंचवीस पोळ्यांची कणीक मळणे ज्यांना अवघड जाते, त्यांना ते दोन मिनिटांत कणीक देते. पीठ आणि पाण्याचे प्रमाण मात्र दर वेळी मोजून घ्यावे लागते, गोळा तयार झाल्यावर लगेच थांबवावे लागते आणि तेलाचा हात लावून अर्धा तास झाकून ठेवावे लागते, नाहीतर पोळी चिवट होते. दुसरे ठिकाण म्हणजे सणावारी होणारे भरपूर किसणे. हलव्यासाठी दोन किलो गाजर किंवा कोबीच्या वड्यांसाठी अख्खा गड्डा असेल तर चकती काही क्षणांत काम करते. पाव किलो गाजरासाठी मात्र हातकिसणी पुरते, कारण प्रोसेसरचे भांडे, झाकण, दांडा, दट्ट्या आणि चकती असे पाच भाग नंतर धुवावे लागतात. पुरणासाठी हे यंत्र घेऊ नये. शिजलेली डाळ आणि गूळ वेगात फिरले की पुरण चिकट होते, तिथे हाताने फिरवायचे पुरणयंत्र किंवा चाळण अजूनही उजवी आहे. वर्षाचा मसाला करायचा असेल तर तोही डंकावर कांडून आणलेलाच चांगला, तो मिक्सरमध्ये किंवा प्रोसेसरमध्ये घालून तापवू नये.

दोरीचा चॉपर या तिघांच्या मानाने अगदी स्वस्त, दोन-पाचशे रुपयांत मिळणारा, पण रोजच्या कामात सर्वांत जास्त वापरला जाणारा ठरू शकतो. पोह्यांचा कांदा, कोशिंबिरीची काकडी, भेळेचा कांदा-टोमॅटो ही कामे तो वीज न वापरता आणि कोणाची झोप न मोडता करतो. कांद्याचे चार किंवा सहा सारखे तुकडे करावेत, भांडे अर्धेच भरावे, आणि दोरी थोड्याच वेळा ओढून झाकण उघडून पाहावे. जास्त ओढल्यास कांद्याला पाणी सुटते आणि तो तेलात परतला न जाता शिजतो. पिकलेल्या टोमॅटोचा त्यात लगदा होतो आणि ओली कोथिंबीर काळवंडते, त्यामुळे त्यांना विळी किंवा सुरीच योग्य. दोरीची पकड आणि पात्यांची धार एवढेच पाहून घ्यावे, बाकी फरक फार नसतो.

दिसण्याविषयी बोलायचे तर देखणे यंत्र ओट्यावर असावे ही इच्छा मला पूर्ण रास्त वाटते. जे डोळ्यांना आवडते ते हाताखाली राहते. परंतु दिखाऊपणाचे काही प्रकार रोज त्रास देतात. काळ्या चकचकीत पृष्ठभागावर पिठाची बोटे लगेच उमटतात. पारदर्शक प्लास्टिकचे भांडे हळदीने काही आठवड्यांत पिवळे पडते आणि कितीही घासले तरी पहिल्यासारखे होत नाही, म्हणून हळद-मसाल्यासाठी स्टीलचेच भांडे घ्यावे. बटणांभोवती खोल खाचा असतील तर त्यांत बेसन आणि तेल साचते. तळाच्या हवेच्या जाळीतून झुरळे मोटरपर्यंत जाऊ शकतात, त्यामुळे यंत्र पुसून, जमिनीपासून उंचावर आणि झाकून ठेवता येईल असा सपाट, गुळगुळीत आकार निवडावा.

माझे मत विचारले तर दोघांच्या किंवा चौघांच्या मराठी घराने ७५० वॅटचा, तीन स्टीलच्या भांड्यांचा मिक्सर आणि एक दोरीचा चॉपर घ्यावा आणि वर्षभर थांबावे. त्या वर्षात डोशाच्या पिठासाठी मिक्सर वारंवार तापत असेल तर रगडा, आणि कणकेने मनगट थकत असेल तर प्रोसेसर, असा पुढचा निर्णय घ्यावा. दोन्ही एकदम घेण्याची गरज क्वचितच पडते. कोणतेही यंत्र घेताना आपल्या गावात त्याचे कपलर (भांडे मोटरला जोडणारा भाग), भांड्याचे बुश, झाकणाचे वायसर आणि मोटरचे कार्बन मिळतात का, हे जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे आधी विचारावे, कारण हेच भाग लवकर झिजतात आणि यांच्याअभावी चांगली यंत्रेही माळ्यावर जातात.

परदेशी राहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना आवश्यक आहे. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि बहुतेक आखाती देशांत भारतीय २३० व्होल्टचा मिक्सर प्लग बदलून चालतो. अमेरिका आणि कॅनडात मात्र वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असते. तिथे ट्रान्सफॉर्मर लावून इथला मिक्सर वापरता येतो, पण त्यासाठी मोटरच्या दुप्पट क्षमतेचा जड ट्रान्सफॉर्मर ओट्यावर ठेवावा लागतो, आणि रगड्याची मोटर ६० हर्ट्झवर ठरलेल्यापेक्षा जवळपास एकपंचमांश वेगाने जास्त फिरते. त्यापेक्षा तिथल्या व्होल्टेजसाठीच बनवलेले भारतीय पद्धतीचे यंत्र तिथे घ्यावे, आणि भारतातून येताना त्याला बसणारे दोन कपलर आणि झाकणाचे वायसर तेवढे बॅगेत टाकावेत.