ज्येष्ठांची आरोग्य पॉलिसी, मुक्काम गुहागर तालुका: अठरा महिने वापरून झाल्यावर

कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही. कोणाला ओवाळायचं नाही की धोपटायचंही नाही. घेण्याआधी आम्हाला जे कोणी सांगितलं नाही ते लिहून ठेवते, एवढंच.

आधी आकडे. पॉलिसी जून २०२४ मध्ये घेतली. तेव्हा हे ७१ वर्षांचे, मी ६६. दोघांत मिळून ५ लाखांची फ्लोटर. पहिला हप्ता ५२,४०० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून. मंजूर रकमेतले २० टक्के आपले, त्याला ते को-पे म्हणतात. खोलीचं भाडं दिवसाला विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ५,००० पर्यंत. दाखल न होता डॉक्टरला दाखवलं तर त्याची फी आणि रोजच्या गोळ्या यात नाहीत. तारे द्यायचे तर पाचपैकी तीन, आणि त्यातला अर्धा माझ्या फायलीचा.

इतक्या उशिरा का घेतली, असं सगळे विचारतात. पूर्वी पासष्टीपुढच्याला नवी पॉलिसी द्यायला कंपन्या बांधील नव्हत्या. १ एप्रिल २०२४ पासून ती वयाची अट गेली आणि आमच्या डोंबिवलीच्या चिरंजीवांनी फोनवर धोशा लावला. "बाबांना काही झालं तर मी सुट्टी काढू की पैसे गोळा करू?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

एजंट गावातलाच. ओटीवर बसून फॉर्म भरताना म्हणाला, "काकू, काकांची शुगर नको लिहूया. हप्ता वाढेल, वर मेडिकल लावतील." ह्यांना बारा वर्षं बीपी, आठ वर्षं साखर. अर्ध्या वाडीला माहीत असलेली गोष्ट कंपनीपासून लपवायची! मी म्हटलं, "लिही. दोन्ही लिही. माझं थायरॉइडही लिही." सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की जुनं उकरून काढून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पण त्या ६० महिन्यांच्या आत लपवलेला आजार सापडला तर तुमचा हप्ताही गेला आणि क्लेमही. आधीपासूनच्या आजारांना थांबायचा काळ, म्हणजे ज्यात त्यांचा क्लेम मिळत नाही तो, नियमाने आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे, आमच्या पॉलिसीत २४. हप्ता थोडा वाढला, पण झोप शाबूत राहिली.

मेडिकल चिपळूणला. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून पहाटेची एसटी धरली, मांडीवर घावण्यांचा डबा. रक्त दिल्यावर स्टँडच्या बाकावर बसून खाल्लं आणि पुन्हा दोन तासांनी साखर तपासायला हजर. सत्तरीच्या माणसाला एका रक्तासाठी जाऊन येऊन नव्वद किलोमीटर. आमच्याकडे पॉलिसीचा खरा को-पे हा असतो, तो कुठल्याच माहितीपत्रकात नसतो.

पहिला क्लेम दोन महिन्यांतच आला. ऑगस्टमधली गोष्ट. मागील दारच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं. मी दर पावसाळ्यात चुना टाकायला सांगते, दर पावसाळ्यात "उद्या" असतं. ह्यांचा पाय गेला आणि सगळा भार उजव्या मनगटावर आला. हात काट्या-चमच्यातल्या काट्यासारखा वाकडा दिसत होता. शेजारच्या पोराने रिक्षा काढलीन, ग्रामीण रुग्णालयात हात बांधून दिला आणि तिथून चिपळूण. प्लेट बसवावी लागेल म्हणाले.

अपघाताला थांबायचा काळ नसतो, तेवढं बरं. पण कंपनीच्या यादीतलं एकही रुग्णालय आमच्या तालुक्यात नाही, आणि हाडांचा ज्यांच्या हातावर विश्वास तो डॉक्टर जिथे बसतो ते चिपळूणचं रुग्णालयही यादीत नाही. जानेवारी २०२४ पासून यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस, म्हणजे बिल कंपनीने परस्पर भरणं, मिळावं अशी सोय विमा कंपन्यांनी मिळून जाहीर केली आहे. तातडीचं असेल तर दाखल झाल्यापासून ४८ तासांत कळवायचं. मी काउंटरवर सांगून पाहिलं. मुलगा म्हणाला, "आजी, आमच्याकडे तसलं काही नाही." त्याचंही खरं. रुग्णालयाने हो म्हटल्याशिवाय ती सोय कागदावरच राहते. मुदत ठेव मोडली.

इथून माझी खरी नोकरी सुरू झाली. क्लेमचा फॉर्म दोन भागांत असतो. पहिला आपण भरायचा, दुसरा रुग्णालयाने भरून, सही-शिक्का मारून द्यायचा. हा दुसरा भाग डिस्चार्जच्या दिवशीच घ्या. नंतर गेलात तर शिक्का असतो तेव्हा सही करणारा नसतो. डिस्चार्ज कार्ड, नंबर असलेली बिलं, प्रत्येक औषधाच्या बिलाला जोडीची चिठ्ठी, एक्स-रेच्या फिल्मा, रद्द केलेला चेक. आणि स्टिकर! हाडात जी प्लेट घालतात तिच्या पाकिटावर नंबराचा छोटा स्टिकर असतो, तो फायलीला चिकटवून मिळाला पाहिजे. मला हे शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सुनेने सांगितलंन, म्हणून मी सिस्टरच्या मागे लागून तो मिळवला. नाहीतर प्लेट ह्यांच्या हातात आणि पुरावा कचऱ्याच्या डब्यात.

मेडिकलच्या दुकानाची बिलं त्या गुळगुळीत कागदावर छापतात ना, ती पावसात आमच्याकडे पंधरा दिवसांत पांढरी होतात. वर दमटपणाने बुरशी. आल्या दिवशी झेरॉक्स काढायची, मूळ बिल प्लास्टिकमध्ये घालून तांदळाच्या पिंपात ठेवायचं. तिथे कोरडं राहतं. कंपनीला पाठवलेल्या कागदांना माझ्या कोळंब तांदळाचा वास आला असणार.

पाठवलं सगळं. मग पत्र आलं: अपघाताच्या वेळी रुग्ण मद्याच्या अंमलाखाली होता काय, याबद्दल उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र पाठवा. ह्यांनी आयुष्यात कोकम सरबतापलीकडे रंगीत काही प्यायलेलं नाही. पत्र मोठ्याने वाचून दाखवल्यावर म्हणाले, "सत्तर वर्षांत हा मान मला कोणी दिला नव्हता." प्रमाणपत्रासाठी चिपळूणची आणखी एक फेरी झाली. त्यानंतर दुसरं पत्र. आधारवर जन्मतारीख १ जून, पॉलिसीवर वेगळी. आमच्या पिढीतली अर्धी माणसं शाळेच्या दाखल्यावर १ जूनलाच जन्मली आहेत, मास्तरांची कृपा. एजंटने ह्यांच्या पत्रिकेवरची खरी तारीख लिहिलीन, तिथे घोळ झाला. पॉलिसी हातात आली की नाव आणि तारीख आधारशी ताडून बघा. ३० दिवसांच्या आत पॉलिसी परतही करता येते, त्या मुदतीतच हे उरकावं.

एकूण बिल ७८,६०० चं. त्यातले ६,१४० हातमोजे, कापूस, नोंदणी फी वगैरेचे कापले. राहिलेल्या ७२,४६० चे २० टक्के आमचे. खात्यात ५७,९६८ आले, एकेचाळीस दिवसांनी. हिशेब बरोबर होता. मी दोनदा करून पाहिला.

दुसरी खेप माझी, जुलै २०२५. लावणीच्या बायकांना चहा द्यायला खाचरात उतरले होते. टाचांना भेगा आणि गुडघाभर पाणी. आठवड्याभरात कडकडून ताप आला, पोटऱ्या अशा दुखायला लागल्या की बोट लावू देववेना. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण पहिला प्रश्न त्यांनी बरोबर विचारला: "शेतात उतरला होतात का?" लेप्टोची, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाची, शंका धरून गोळ्या तिथेच सुरू केल्या, प्लेटलेट उतरायला लागल्या तसं चिपळूणला धाडलं. या वेळी यादीतल्या रुग्णालयात गेलो.

सलाईन लावता लावता विचारलं, "खोलीचं भाडं किती?" साध्या खोल्या भरलेल्या, एसी स्पेशल ६,५०० ची रिकामी. सिस्टर म्हणाली, "वरचे दीड हजारच भरायचे ना, काकू." तसं नसतं! मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की डॉक्टरची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर हे सगळंच त्या प्रमाणात कापतात. पाच हजारांची मर्यादा आणि साडेसहा हजारांची खोली, म्हणजे या खर्चांत रुपयामागे तेवीस पैसे गेले. औषधं आणि तपासण्या त्यातून वगळलेल्या असतात, पण बाकीचं अंगावर येतं. मी म्हटलं, जनरलमध्ये घाला. एक रात्र घोरणाऱ्यांच्या मेळ्यात काढली, दुसऱ्या दिवशी दोन खाटांची खोली मिळाली.

कॅशलेसची पहिली मंजुरी पाऊण तासात आली, तेव्हा मी कंपनीला मनातल्या मनात चौथा ताराही देऊन टाकला होता. तो डिस्चार्जच्या दिवशी काढून घेतला. सकाळी साडेदहाला डॉक्टर "घरी जा" म्हणाले, कागद हातात पडला पावणेसातला. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे दाखल होतानाची मंजुरी तासाभरात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची असते, उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा. मी हे काउंटरवर म्हणून दाखवलं. "मावशी, सर्व्हर डाऊन आहे." रुग्णालय म्हणतं कंपनीने उशीर केला, कंपनी म्हणते बिलच चारला आलं. जादा आकार लावला नाही त्यांनी, पण आमची शेवटची गाडी चुकली. अर्ध्या तिकिटाची एसटी सोडून खासगी गाडीला पंधराशे मोजले. ते कोण देणार?

गाऱ्हाणं कुठे घालायचं ते शोधून ठेवलंय. आधी कंपनीचा तक्रार अधिकारी, मग नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल, त्यानंतर विमा लोकपाल, फी नाही. पंधराशे रुपयांसाठी इतके उंबरे झिजवले नाहीत. क्लेम नाकारला असता तर सोडलं नसतं.

मधल्या काळात ह्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. पॉलिसीत मोतीबिंदूला २४ महिने थांबायचं, म्हणजे जून २०२६. तोपर्यंत हे देवळाच्या पायऱ्या चाचपत उतरणार? पुतण्या म्हणाला, रत्नागिरीला जिल्हा रुग्णालयात चला. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. चिपळूणचा वळसा नको म्हणून तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरलो. लेन्ससुद्धा तिथलीच, खिशातून गेले ते बोटीचे आणि वडापावचे. गर्दी होती, बाकावर दोन तास बसलो, पण कोणी फॉर्मचा दुसरा भाग मागितला नाही.

त्याच फेरीत केंद्र सरकारच्या आयुष्मान वय वंदना कार्डाचं कळलं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत. खासगी पॉलिसी असली तरी चालतं. वय आधारवरचं धरतात, इथे तो १ जून कामाला आला. काजूच्या चिकाने ह्यांच्या बोटांवरच्या रेषा कधीच गेल्या आहेत, मशीन काही ओळख देईना. ओटीपी घ्यावा तर फोनला रेंज फक्त विहिरीपाशी. शेवटी गावातल्या केंद्रावर चेहरा दाखवून जमलं. मी अजून सत्तरीची नाही, माझी भिस्त रेशनकार्डावर आणि राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेवर. ह्यांचं वय वंदना कार्ड अजून वापरलेलं नाही, म्हणून तारे देत नाही. कुठल्या रुग्णालयात कुठल्या आजाराची सोय आहे ते १४५५५ या हेल्पलाइनवर विचारून कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय. आजारपण आल्यावर विचारायला गेलो असतो तर आमचं डोकं ठिकाणावर नसतं.

रोजच्या गोळ्यांचं म्हणाल तर बीपीच्या आणि साखरेच्या आरोग्य केंद्रात मिळतात, उरलेल्या चिपळूणच्या जनऔषधी दुकानातून दोन-दोन महिन्यांच्या आणते. पॉलिसीचा त्यात एक पैसा नाही. म्हाताऱ्या माणसाचा निम्मा खर्च तर तिथेच असतो.

जून २०२५ ला हप्ता ५६,९०० झाला. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर नियामकाला आधी विचारायला हवं, असं जानेवारी २०२५ मध्ये ठरलंय. आमचा त्याच्या आत बसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला, म्हणजे येत्या जूनला जुन्याच दराने साडेआठ हजारांच्या वर वाचायला हवेत. कंपनी दुसऱ्या हाताने काय काढते ते बघायचं. काढलं तरी पॉलिसी ठेवणार आहे. आता सोडली तर थांबलेले अठरा महिने पाण्यात, आणि उद्या ह्यांच्या छातीत दुखलं तर कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागेल, तिथली बिलं मुदत ठेवीच्या आवाक्यातली नसतात.

फाइल तांदळाच्या पिंपातच आहे. पायऱ्यांवर चुना या वर्षी मी स्वतः टाकला.

ह्यांचा उजवा डोळाही आता धूसर व्हायला लागलाय. जूननंतर तो पॉलिसीत बसेल, चिपळूणला एसी खोलीत होईल, असं मी सांगून पाहिलं. हे म्हणाले, "जयगडमार्गे रत्नागिरीच बरी. तिथे दारूचं विचारत नाहीत."