विंडोज, मिंट आणि मधली जागा: पार्टिशन बदलून आठ-नऊ महिने वापरल्यावर

माझं काम डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं मांडण्याचं. पुस्तकं, दिवाळी अंक, संस्थांचे वार्षिक अहवाल. इनडिझाइन हा पानं मांडायचा प्रोग्रॅम आणि श्रीलिपी या युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या जुन्या फाइल्स यांमुळे विंडोज सोडता येत नाही. युनिकोड रूपांतराच्या स्क्रिप्ट, ओसीआर (चित्रातला मजकूर ओळखणं), वेबसाइटची किरकोळ कामं लिनक्सवर इतकी सुटसुटीत होतात की लिनक्सही सोडवत नाही. म्हणून एकाच लॅपटॉपवर विंडोज ११ आणि लिनक्स मिंट २२ दोन्ही. एसएसडी ५१२ जीबीची. विंडोजमध्ये ती ४७६ दिसते, कारण बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. या डिस्कवरची पार्टिशन्स, म्हणजे तिचे वेगवेगळे भाग, लहानमोठी करून आठ-नऊ महिने झाले. ते करायचं कसं याचे व्हिडिओ ढिगाने आहेत, पण नंतर रोज वापरताना काय होतं ते कोणी फारसं सांगत नाही.

मिंट टाकताना बहुतेक जण ५०-६० जीबी देतात. मीही ६० दिले होते. नुसतं ब्राउझर आणि लिब्रेऑफिस वापरणाऱ्याला ते भरपूर आहेत. पण फ्लॅटपॅक या पद्धतीने मिळणारी ॲप्स आली की त्यांना लागणारे जड रनटाइमही (सामाईक सहाय्यक फाइल्सचे संच) येतात, आणि मिंटसोबतच येणारं टाइमशिफ्ट सिस्टिमचे स्नॅपशॉट (मागे जाण्यासाठीच्या प्रती) ठेवायला लागलं की त्याच रूट पार्टिशनवर, म्हणजे मिंट जिथे बसलंय तिथेच, ठेवतं. पहिला स्नॅपशॉट जवळपास पूर्ण सिस्टिमएवढा असतो, पुढचे फक्त बदललेल्या फाइल्सचे. तरी दर आठवड्याच्या अपडेटमुळे तेही फुगतात. जुने कर्नल काढले, स्नॅपशॉटची संख्या कमी केली, की महिनाभर श्वास मिळतो आणि मग पुन्हा तोच इशारा: डिस्कवर जागा कमी आहे. पलीकडे सी ड्राइव्हवर दोनशेच्या वर जीबी मोकळे पडलेले.

खरी अडचण आकाराची नसतेच, क्रमाची असते. माझ्या डिस्कवर सुरुवातीला बूट होण्यासाठी लागणारं २६० एमबीचं ईएफआय, मग विंडोजचं स्वतःचं १६ एमबीचं राखीव पार्टिशन, मग ४१५ जीबीचं सी, मग मिंटचे ६० आणि शेवटी जेमतेम एक जीबीचं रिकव्हरी. पार्टिशनचे नंबर मात्र या क्रमाने नव्हते. रिकव्हरी चौथं, मिंट पाचवं, कारण नंबर मिळतो तो जन्माच्या क्रमाने. जी-पार्टेड या पार्टिशन बदलायच्या लिनक्स प्रोग्रॅममध्ये वरचा रंगीत पट्टा पाहावा, खालचे नंबर पाहून निर्णय घेऊ नये. वाड्यातल्या ओळीच्या खोल्यांसारखं आहे हे: शेजारची भिंत सरकली तरच आपली खोली मोठी होते, चार खोल्या पलीकडे कितीही जागा रिकामी असो. विंडोजचं सी लहान केलं की मोकळी जागा त्याच्या उजव्या टोकाला सुटते, म्हणजे मिंटच्या डाव्या बाजूला. आणि डावीकडे वाढणं म्हणजे पार्टिशनची सुरुवातच हलवणं, त्यातला सगळा डेटा नव्या जागी नेणं. उजवीकडे वाढणं काही सेकंदांचं काम, डावीकडे वाढणं हे खरं काम.

सी लहान करायला मी विंडोजचंच डिस्क मॅनेजमेंट वापरलं. जी-पार्टेडलाही एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत) लहान करता येतं, पण विंडोजचं घर विंडोजनेच आवरावं असं माझं मत आहे आणि इतक्या महिन्यांत ते बदललेलं नाही. 'श्रिंक व्हॉल्यूम' दाबल्यावर पहिल्यांदा हिरमोड ठरलेला: दोनशे जीबी मोकळे असूनही लहान करता येण्याजोगी जागा दाखवली फक्त अकरा-बारा जीबी. कारण मध्येच कुठेतरी एखादी न हलणारी फाइल बसलेली असते आणि हे साधन तिच्या अलीकडे येऊ शकत नाही. ती कोणती, हे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'ॲप्लिकेशन' खाली डीफ्रॅगच्या २५९ क्रमांकाच्या नोंदीत चक्क नावासकट लिहिलेलं असतं. बहुतेकदा ती हायबरनेशनची फाइल, पेजफाइल किंवा सिस्टिम रिस्टोअरच्या प्रती असतात. मी तिन्ही तात्पुरते बंद केले, लॅपटॉप रीस्टार्ट केला आणि तोच आकडा १९० जीबीच्या वर गेला. काम झाल्यावर पेजफाइल आणि रिस्टोअर पुन्हा चालू केले. हायबरनेशन कायमचं बंद ठेवलं, त्याचं कारण पुढे येईल.

त्या खिडकीत आकडा एमबीमध्ये भरायचा असतो. १८० जीबी हवे असतील तर १८०००० नाही, १८४३२० लिहायचं. बारीकसारीक गोष्ट आहे, पण मग हिशेब नेमका जुळतो. त्यातले ८० मिंटला आणि १०० दोघांच्या सामाईक डेटाला, असा बेत होता. विंडोजकडे २३५ उरले. मोठ्या अपडेटसाठी त्याला वीसेक जीबी मोकळे लागतात, तेवढं सोडून हिशेब करावा.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, त्याबद्दल थोडक्यात. हल्लीच्या विंडोज ११ मध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन अनेक लॅपटॉपवर न विचारता चालू असतं. बायोसमध्ये काही बदललं की पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती आधी कागदावर घ्या, त्याच लॅपटॉपमधल्या फाइलमध्ये नको. मी एन्क्रिप्शन पूर्ण उलगडून बंद केलं, कारण सामाईक डेटा मिंटमधून विनाकटकट उघडायला हवा होता. ज्यांचा लॅपटॉप रोज लोकलने प्रवास करतो त्यांनी माझं ऐकू नये.

आता जी-पार्टेड. त्याची वेगळी बूट होणारी डिस्क मिळतेच, पण मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हमध्ये ते आयतं असतं आणि सिक्युअर बूट चालू ठेवूनही तो पेनड्राइव्ह सुरू होतो. चालू असलेल्या मिंटमधून त्याचं स्वतःचं रूट हलवता येत नाही, म्हणून बाहेरूनच बूट व्हावं लागतं. या प्रोग्रॅमची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तो काहीही लगेच करत नाही. पट्टा ओढा, आकडे टाका, सगळं खालच्या यादीत रांगेत थांबतं. पटलं नाही तर मागे घ्या. हिरवी खूण दाबेपर्यंत डिस्कला हात लागत नाही. याच कामाच्या एका विंडोज ॲपने, जे स्वतःला मोफत म्हणवतं, मला सगळं ठरवून झाल्यावर शेवटच्या बटणावर पैसे मागितले होते. त्यानंतर जी-पार्टेडचा साधेपणा फारच सभ्य वाटला.

पार्टिशनची सुरुवात हलवायला सांगितली की ते इशारा देतं: असं केल्यास सिस्टिम बूट न होण्याची शक्यता आहे. हा इशारा वाचून पुष्कळ लोक तिथेच थांबतात. यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) असलेल्या आजच्या लॅपटॉपवर मिंट आपलं रूट शोधतं ते यूयूआयडी या पार्टिशनच्या ओळख-क्रमांकावरून, डिस्कवरच्या जागेवरून नव्हे. पार्टिशन हलवलं, वाढवलं तरी यूयूआयडी तोच राहतो, त्यामुळे मिंट सुरू करणाऱ्या ग्रबला ते सापडतं. स्वॅपचं (रॅम अपुरी पडल्यास वापरायच्या जागेचं) वेगळं पार्टिशन पुसून पुन्हा बनवलं तर मात्र त्याला नवा यूयूआयडी मिळतो. मग बूट होताना दीड मिनिट लॅपटॉप कशाची तरी वाट पाहत उभा राहतो. मिंट हल्ली स्वॅप फाइलच वापरतं, त्यामुळे माझ्याकडे हा प्रश्न आला नाही.

इशाऱ्यापेक्षा विजेची काळजी करावी. हलवणं चालू असताना लॅपटॉप बंद पडला तर अर्धा डेटा जुन्या जागी आणि अर्धा नव्या जागी, आणि फाइल सिस्टिमला दोन्ही परके. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे इथल्यांना सांगायला नको. बॅटरी पूर्ण भरलेली, चार्जर लावलेला आणि वार गुरुवार नसलेला, हे तिन्ही जुळल्यावरच सुरुवात केली. आधी रेस्क्यूझिला या बॅकअपच्या प्रोग्रॅमने पूर्ण डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली होती. एनव्हीएमई एसएसडीवर प्रत्यक्ष हलवणं चहा होऊन पिऊन होईपर्यंत आटोपलं. इमेज घ्यायलाच त्याच्या कितीतरी पट वेळ लागला. साध्या हार्ड डिस्कवर हेच काम तासांच्या हिशेबात जातं.

सगळ्यात शेवटचं रिकव्हरी पार्टिशन तसंच ठेवलं. एक जीबी वाचवण्यासाठी त्याला छेडणारे लोक पाहिलेत. जानेवारी २०२४ मधलं विंडोज १० चं केबी ५०३४४४१ हे अपडेट रिकव्हरी पार्टिशन लहान असलेल्या असंख्य संगणकांवर बसतच नव्हतं, त्याला तिथे २५० एमबी मोकळे हवे होते. तिथे काटकसर नको.

आता वापराचं. वेगात काहीही फरक नाही, ना विंडोजमध्ये ना मिंटमध्ये. मिंटचे १४० जीबी आज साधारण ऐंशीपर्यंत भरलेत, टाइमशिफ्टचे पाच स्नॅपशॉट धरून. त्यात एक लहानशी कमाई अशी की ईएक्सटी४ ही मिंटची फाइल सिस्टिम पाच टक्के जागा रूट (प्रशासक) वापरकर्त्यासाठी राखून ठेवते, म्हणजे १४० मध्ये तब्बल सात जीबी. ट्यून-टू-एफएस या आज्ञेने ते प्रमाण एक टक्का करता येतं, चालू सिस्टिमवरही.

सामाईक १०० जीबींचा अनुभव मात्र गोडआंबट आहे. दोन्हीकडून वाचता-लिहिता यावं म्हणून ते एनटीएफएस ठेवलं. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन म्हणजे खरं शट डाउन नसतं, अर्धं हायबरनेशन असतं. मग मिंट ते पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं उघडतं, आणि ते योग्यच करतं. हायबरनेशन बंद ठेवण्याचं कारण हेच. मोठं विंडोज अपडेट आलं की ते पुन्हा चालू झालं नाही ना, हे एकदा तपासतो. स्क्रिप्टचे गिट (बदलांची नोंद ठेवणारं साधन) फोल्डर तिथे ठेवू नयेत. परवानग्या आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारे दुवे) यांचा एनटीएफएसवर गोंधळ होतो. ते मिंटच्या घरातच बरे.

आणि मराठीत काम करणाऱ्यांसाठी खास एक गोष्ट, जी मला कुठल्याही व्हिडिओत दिसली नाही. ईएक्सटी४ मध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइट्सची मर्यादा आहे. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट्स खातं, काना-मात्रा-हलन्त वेगळे मोजून. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. एनटीएफएसमध्ये तीच मर्यादा २५५ चिन्हांची आहे. दिवाळी अंकाचे संपादक लेखाचं पूर्ण शीर्षक, लेखकाचं नाव, 'अंतिम', 'अंतिम दुरुस्त', 'हेच घ्यावे' असं सगळं फाइलच्या नावात घालतात. विंडोजमध्ये ती फाइल सुखाने बसते, मिंटच्या होममध्ये कॉपी करायला गेलं की नाव फार लांब असल्याची तक्रार येते. उलट बाजूने, मिंटमध्ये प्रश्नचिन्ह किंवा विसर्गासारखा दिसणारा कोलन घालून दिलेलं नाव विंडोजला चालत नाही. आता माझ्याकडे येणाऱ्या फाइलला मी आधी क्रमांक आणि लेखकाचं आडनाव एवढंच नाव देतो. संपादक मंडळी नाराज असतात, असोत.

घड्याळाचं म्हणाल तर मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की ते साडेपाच तास मागे दिसायचं. मिंटला लॅपटॉपचं घड्याळ स्थानिक वेळेत ठेवायला सांगितलं, विषय संपला.

आज पुन्हा आखणी करायची झाली तर आकडे बदलीन, क्रम तोच ठेवीन. सामाईक पार्टिशन सी आणि मिंट यांच्या मधोमध आहे, त्यामुळे उद्या कोणाला कमी पडलं तर दोन्ही बाजूंची जागा तिथूनच काढता येते, आणि त्यातला डेटा गरज पडल्यास बाहेरच्या डिस्कवर काढून ते पार्टिशन पुसून नव्याने बनवणंही सोपं. सामाईक भाग १०० ऐवजी १३० केला असता, कारण अंकाच्या हंगामात चित्रकारांची स्कॅन केलेली टिफ चित्रं एकेक दोनशे-तीनशे एमबीची येतात आणि भाद्रपद लागला की तिथे लाल पट्टी दिसू लागते.

दुकानात विचारलं तेव्हा 'सगळं फॉरमॅट करून नव्याने टाकू, पाचशे रुपये' असं उत्तर मिळालं होतं. बॅकअप घेता येत असेल आणि पट्टा नीट वाचता येत असेल तर तसं करायची काही गरज नाही. बॅकअपला बाहेरची डिस्कच नसेल तर मात्र आधी ती घ्या, मग या वाटेला जा. आणि लॅपटॉपला दुसरा एम.२ स्लॉट मोकळा असेल तर मागचं झाकण उघडून एकदा पाहा. मिंटला स्वतंत्र एसएसडी दिली तर वरचं निम्मं लिहिणं तुमच्यासाठी नव्हतंच.