एका गोळीमागे किती खाती? केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या रचनेचं परीक्षण

मंत्रालयाची फेररचना तपासायची तर पाट्या वाचून भागत नाही. 'भारत सरकार (कामकाज वाटप) नियम, 1961' यांची दुसरी अनुसूची उघडायची. कुठला विषय कुणाचा, ते तिथे ठरतं. तिथली ओळ हलली, पण पैसा आणि पदं जुन्या जागीच राहिली, की बदल फक्त लेटरहेडवर उरतो.

या कसोटीला सगळ्यात चांगला उतरतो तो 2005 चा बदल. आधी आरोग्य आणि कुटुंब कल्याण हे वेगळे विभाग होते. उपकेंद्रातली एएनएम (गावपातळीवरची परिचारिका) मात्र एकच: लसीकरण एका विभागाचं, हिवताप दुसऱ्याचा. ग्रामीण आरोग्य अभियानासोबत दोन्ही विभाग एक झाले आणि जिल्ह्यातल्या कार्यक्रमनिहाय सोसायट्याही (कार्यक्रमाचा पैसा सांभाळणाऱ्या नोंदणीकृत संस्था) जिल्हा आरोग्य सोसायटीत आल्या. पैशाची वाट बदलली म्हणून हे टिकलं. एड्सच्या बाबतीत काम अर्धंच झालं. 2014 मध्ये केंद्रातला एड्स नियंत्रण विभाग पुन्हा मुख्य विभागाखाली आला, राज्यांतल्या एड्स नियंत्रण सोसायट्या मात्र वेगळ्याच राहिल्या.

आयुष, म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे पद्धतींचं खातं, 1995 पासून याच मंत्रालयातला विभाग होता, नोव्हेंबर 2014 मध्ये त्याचं स्वतंत्र मंत्रालय झालं. त्याला स्वतःचं बजेट मिळालं, हा फायदा खराच. पण शाळेत मुलांची तपासणी करणारं आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) पथक बघा: त्यातल्या दोन आयुष डॉक्टरांचं मानधन राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, आणि त्यांच्या शिक्षण-नोंदणीचा कायदा दुसऱ्या मंत्रालयाकडे.

सगळ्यात कमी गुण औषधांना. साधी पॅरासिटामॉलची पट्टी घ्या. अत्यावश्यक औषधांची यादी करतं आरोग्य मंत्रालय. ती यादी किंमत नियंत्रण आदेशाच्या पहिल्या अनुसूचीत घेतो औषधनिर्माण विभाग, जो 2008 पासून रसायने व खते मंत्रालयात आहे. कमाल किंमत ठरवतं त्याच विभागाखालचं एनपीपीए, म्हणजे राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण. नव्या औषधाला मंजुरी देतं सीडीएससीओ (केंद्रीय औषध नियामक), म्हणजे पुन्हा आरोग्य मंत्रालय. कारखान्याचा आणि दुकानाचा परवाना राज्याच्या औषध प्रशासनाचा. यादी सुधारली तरी नवी किंमत लगेच लागू होत नाही, कारण मधे दुसऱ्या मंत्रालयाची अधिसूचना असते. यादीबाहेरच्या औषधांची एमआरपी 12 महिन्यांत 10 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. त्यावर नजरही एनपीपीएचीच. किंमत आणि दर्जा दोन मंत्रालयांत ठेवण्यामागे उद्योगाची सोय दिसते, रुग्णाची दिसत नाही.

राज्यांशी असलेल्या हद्दीबद्दल फार तक्रार करण्यात अर्थ नाही. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत आहेत (नोंद 6). कुटुंबनियोजन, औषधं आणि वैद्यकीय व्यवसाय समवर्ती सूचीत. त्यामुळे दवाखान्यांच्या बाबतीत केंद्राच्या हातात मुख्यतः पैशाचा लगाम: राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा खर्च (केंद्र:राज्य) बहुतेक राज्यांत 60:40, ईशान्य आणि हिमालयीन राज्यांत 90:10.

तक्रार करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं: जादा किंमत लावली तर एनपीपीए, गोळीच्या दर्जाबद्दल शंका असेल तर राज्याचं औषध प्रशासन, ईएसआय (कामगार विमा योजनेच्या) रुग्णालयाबद्दल काही असेल तर श्रम मंत्रालय. 'आरोग्य मंत्रालय, दिल्ली' असं ढोबळ लिहून सरकारी पोर्टलवर टाकलेली तक्रार या टेबलावरून त्या टेबलावर फिरते. बिलाची प्रत, बॅच क्रमांक आणि छापील एमआरपीचा फोटो सोबत लावा. बॅच क्रमांक नसेल तर दर्जाची तक्रार तपासायची कशी, हाच प्रश्न उरतो. हद्दच कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज जास्त कामाचा, कारण कलम 6(3) प्रमाणे चुकीच्या कार्यालयालाही तो 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवावा लागतो आणि तसं अर्जदाराला कळवावं लागतं. विषय नेमका कुणाचा, याचं लेखी उत्तर त्या पत्रातच मिळतं.