नॉटिंग हिल कार्निव्हल: रविवार की सोमवार?
लंडनच्या या कॅरिबियन पद्धतीच्या रस्त्यावरच्या उत्सवाला, म्हणजे कार्निव्हलला, ऑगस्टअखेरचा एकच दिवस देता येणार असेल, तर आधी सोबत कोण आहे ते बघा. रविवारी लहानांची मिरवणूक असते, गर्दी त्यातल्या त्यात कमी; बाबागाडी निदान वळवता येते. त्याच दिवशी पहाटेच्या जूव्हेत (कार्निव्हल उघडणारा रंगखेळ) मात्र रंग, पावडर, पातळ चॉकलेट अंगावर उडतं, जुनेच कपडे घाला. सोमवारी पिसांचे भव्य पोशाख आणि ट्रकवरची सोका (कॅरिबियन नाचगाण्याचं संगीत) ऐन भरात. पण दुपारनंतर साउंड सिस्टिमच्या (मोठ्या स्पीकरांवर संगीत वाजवणाऱ्या डीजे मंडळींच्या) गल्ल्यांत पाऊल टाकायला जागा उरत नाही.

खर्च सारखाच: प्रवेश फुकट, जर्क चिकनला (मसालेदार जमैकन भाजलेलं चिकन) पौंड सुटे ठेवा. जवळचं लॅडब्रोक ग्रोव्ह स्टेशन दोन्ही दिवस बंद. संगीत सातला थांबतं नि सगळे एकदम निघतात, म्हणून साडेसहालाच निघा.

मुलं, ज्येष्ठ सोबत असतील तर रविवार. पोशाख आणि नाच हवा तर सोमवार. स्टीलपॅनचंच (पोलादी पिंपापासून बनलेलं सुरेल वाद्य) वेड असेल, तर शनिवारची पॅनोरामा स्पर्धा गाठा.