टेस्टोस्टेरॉनचं जेल, सात महिने लावून झाल्यावर

सरळ सांगतो, ५ पैकी साडेतीन. औषध काम करतंय, दीड स्टार कापलाय तो पावसाळ्यापायी आणि लेकीपायी.

वय ४२, नाशिकला राहतो, अंबडच्या कंपनीत तीन शिफ्ट. वर्षभर नुसती मरगळ, जेवलं की डुलकी, सुट्टीला पण अंथरूण सोडवेना आणि बायकोजवळ जायची इच्छा तर जवळपास बंदच, तिला वाटायला लागलं याचं बाहेर काहीतरी चालू आहे. कोणाशी बोलायची सोय नाही, म्हणून जाहिरात बघून पुरुषांसाठीच्या एका क्लिनिकला गेलो (नाव घेत नाही). नाईट करून आलेल्या माणसाचं रक्त त्यांनी संध्याकाळी पाचला काढलं, टेस्टोस्टेरॉनचा, म्हणजे पुरुषी हार्मोनचा, आकडा आला १९८, आणि लगेच इंजेक्शनचं सहा महिन्यांचं पॅकेज समोर, आजच भरलं तर डिस्काउंट. येड्यासारखा ॲडव्हान्स भरून आलो, तो अजून परत मिळतोय.

मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे पाठवलं. मॅडमनी तो रिपोर्ट बाजूलाच ठेवला. हे हार्मोन सकाळी जास्त असतं, त्यामुळे नाईटचा आठवडा सोडून, रात्री नीट झोपून, उपाशीपोटी सकाळी आठला रक्त द्यायचं आणि तेही दोनदा. २३१ आणि २१८ आलं. दोन्ही वेळा ३०० च्या, म्हणजे नॉर्मलच्या खाली, वर लक्षणं पण, तेव्हा कुठे त्या औषधाचं बोलल्या. तोवर एलएच, प्रोलॅक्टिन (दोन्ही मेंदूतल्या ग्रंथीचे हार्मोन), थायरॉईड, पीएसए (प्रोस्टेटची तपासणी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) सगळं करून घेतलं, त्यात शुगर पण निघाली, म्हणजे वजन उतरवायचं काम वेगळंच लागलं मागे.

पण त्यांचा पहिला प्रश्न होता, "अजून मूल हवंय का?" मला वाटायचं याने उलट ताकद वाढते. तर नाही, बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू आतला कारखाना बंद करायला सांगतो, स्पर्म काउंट पार खाली जाऊ शकतो. पॅकेजवाल्यांनी हे एका शब्दाने सांगितलं नव्हतं. घरी आलो, दोन रात्री बायकोशी बोललो, एक लेक आहे तेवढी बास असं दोघांनी ठरवलं, मग सुरू केलं.

आता जेल. १ टक्क्याचं, रोज ५ ग्रॅमचा एक पाऊच, म्हणजे ५० मिलिग्रॅम. आंघोळीनंतर अर्धं या खांद्यावर अर्धं त्या खांद्यावर. वास थेट सॅनिटायझरचा, अल्कोहोल असतं त्यात, त्यामुळे वाळेपर्यंत विडीकाडीच्या जवळ जायचं नाही. उन्हाळ्यात चट्कन वाळतं, जुलैमध्ये मात्र पंख्याखाली उघडाबंब उभा राहिलो तरी चिकचिक जात नाही आणि इकडे कंपनीची बस हॉर्न मारतेय. त्यानंतर पाच तास खांद्याला पाणी लावायचं नाही.

खरा त्रास लेकीचा. पाच वर्षांची आहे, मी दिसलो की पळत येऊन खांद्यावर चढायची सवय. हे जेल अंगावरून पोराबाळांना लागलं तर त्यांच्यात वयात येण्याची लक्षणं अवेळी दिसू शकतात, अमेरिकेत २००९ पासून यासाठी काळ्या चौकटीतला इशारा द्यावा लागतो. म्हणून हात साबणाने धुवायचे, वर बाह्यांचा टी-शर्ट, आणि तिला घ्यायचं ते संध्याकाळी खांदे धुतल्यावरच. पहिले काही दिवस दारात येऊन विचारायची, "पप्पा, औषध धुतलं?"

फरक? महिन्याभरात इच्छा परत आली, बायकोचा संशय पण गेला. दुपारची डुलकी गेली. पोट मात्र तिथंच आहे, त्याला चालावंच लागतंय, आणि विशीतला वगैरे कोणी होत नाही. तीन महिन्यांनी लेव्हल ४८६. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, ४४ टक्क्यांवरून ४८ झालं, रक्त घट्ट होतं याने, ५४ च्या वर गेलं तर औषध थांबवावं लागतं, म्हणून ती सीबीसी चुकवायची नाही. पुढच्या पावसाळ्याआधी दहा ते चौदा आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनचं मॅडमना विचारणार आहे.

आणि हो, मेडिकलमध्ये चिठ्ठी गुपचूप सरकवून काही उपयोग नाही, आमचा दुकानदार भर गर्दीत आतल्या पोऱ्याला ओरडून विचारतो, "ते टेस्टोस्टेरॉनचं जेल आलंय का रे?"